रणांगणांतून अंगणांत

पूर्वींच्या खेड्यांत गाडी आणि गाडीवान यांचें नातें एका पिढीपुरतें नसे. आंसाला वंगण केव्हां द्यावयाचें, चाकाची लोखंडी धाव सैल झाली म्हणजे ती तापवून पुन्हां कशी चढवावयाची, उतारावर गाडीचा तोल कसा सांभाळावयाचा, हें कोणाला शाळेंत जाऊन शिकावें लागत नसे. सुतार आणि लोहार गांवांतच असत. त्यांच्या शेजारीं बसून पाहतां पाहतां निम्मी विद्या मालकाच्या अंगीं उतरे. यंत्रयुग आलें आणि हें नातें तुटलें. घड्याळ बंद पडलें कीं तें घड्याळजीकडे जाऊं लागलें. मोटार अडली कीं ती कारखान्यांत ओढून न्यावी लागली. वस्तूची मालकी घरांत राहिली. तिचें ज्ञान मात्र घराबाहेर गेलें.

या सर्वसाधारण नियमाला विसाव्या शतकानें एक नांव घेण्याजोगा अपवाद निर्माण केला. तो अपवाद म्हणजे जीपगाडी. ही गाडी जन्मली ती युद्धासाठीं. तिच्या रचनेंत ना सौंदर्याचा विचार होता, ना आरामाचा. पिढ्यान्‌पिढ्या टिकावी अशी अपेक्षाहि तिच्याकडून कोणी केली नव्हती. असें असून ऐंशी वर्षांनंतरहि तिच्या कुळांतील गाड्या देशोदेशींच्या अंगणांत उभ्या आहेत. त्यांचे मालक सुटीच्या दिवशीं हातांत पाना घेऊन त्यांच्याखालीं शिरतात आणि संध्याकाळीं काळवंडलेले हात घासतां घासतां घरच्या मंडळींचीं बोलणीं ऐकून घेतात. हें कसें घडलें, याची कथा मनोरंजक आहे आणि बोधप्रदहि आहे.

चारहि चाकांना गति देण्याची कल्पना जीपहून पुष्कळ जुनी. साध्या मोटारींत इंजिनाची शक्ति दोनच चाकांकडे जाते. तीं दोन चाकें चिखलांत अथवा वाळूंत जागच्याजागीं फिरूं लागलीं कीं उरलेलीं दोन नुसतें ओझें होऊन बसतात. चार बैल असतांना दोनच जुंपावे आणि दोन गाडीमागें बांधून ठेवावे, तसाच हा प्रकार. इंग्लंडांत ब्रामा जोसेफ डिप्लॉक यानें १८९३ सालीं चारहि चाकांनीं ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचें पेटंट मिळविलें. हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं त्याच तत्त्वावर शर्यतीची मोटार बांधली. परंतु खरी अडचण पुढच्या चाकांची होती. त्यांच्याकडून दोन कामें एकदम करून घ्यावयाचीं असतात. त्यांनीं गाडी ओढावयाचीहि आणि तिला वळवावयाचेंहि. सरळ आंसांतून येणारी गति वांकड्या झालेल्या चाकाला अखंड कशी पोंचवावी, हें तें कोडें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत क्लिंटनव्हिल नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें यंत्रदुरुस्तीचें दुकान चालविणारा ओटो झॅको आणि त्याचा साथीदार विल्यम बेसरडिच यांनीं चेंडूसारख्या खोबणींत बसविलेला सांधा योजून हें कोडें सोडविलें आणि १९०८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें पहिल्या महायुद्धांत त्यांच्या पद्धतीचे हजारों मालमोटारी ट्रक युरोपच्या चिखलांतून धांवले. म्हणजे या वाहनाच्या मूळ पुरुषांत विद्यापीठांतील पंडित नव्हते. हातोडी आणि कानस यांच्याशीं रोज गांठ असलेले कारागीर होते. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९४० च्या जून महिन्यांत फ्रान्सचा पाडाव झाला आणि अमेरिकेचे डोळे उघडले. ११ जुलै १९४० रोजीं अमेरिकन सैन्याच्या पुरवठाखात्यानें १३५ कारखान्यांकडे एका नव्या हलक्या गाडीची मागणी पाठविली. गाडीला चारहि चाकांची गति हवी, ती ६०० पौंड भार वाहणारी हवी, आणि तिचें स्वतःचें वजन अवघें १३०० पौंड हवें. शिवाय पहिला नमुना ४९ दिवसांत हजर झाला पाहिजे, अशा अटी होत्या. अटी इतक्या कडक होत्या कीं १३५ पैकीं दोघांनींच मनापासून पुढें येण्याचें धाडस केलें. त्यांतला एक कारखाना म्हणजे पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवची बॅंटम कंपनी. ती जवळजवळ दिवाळखोरीच्या काठावर होती; पदरीं रचनाकारहि उरला नव्हता. तिनें डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यास गळ घातली. प्रोब्स्टनें आरंभीं मोबदल्याची अपेक्षा न धरतां १७ जुलै रोजीं काम हातीं घेतलें आणि दोन दिवसांत सबंध गाडीचे आराखडे कागदावर उतरविले. २२ जुलैला कंपनीनें आपली निविदा सादर केली. २३ सप्टेंबर १९४० हा शेवटचा दिवस होता. त्या दिवशीं संध्याकाळीं पांच वाजतां मुदत संपावयाची होती. हातानें जुळविलेली ती पहिली गाडी बटलरहून रस्त्यानें निघाली आणि मेरिलंडमधील होलाबर्डच्या छावणींत मुदतीपूर्वीं अर्धा तास येऊन उभी राहिली.

गाडी पसंत पडली. परंतु तिचें भाग्य बॅंटमच्या पदरीं पडावयाचें नव्हतें. एवढ्या लहान कारखान्याला लाखों गाड्या पुरवितां येणार नाहींत, अशी सैन्याला भीति वाटली. बॅंटमचे आराखडे विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांना दाखविण्यांत आले व त्यांनींहि आपापले नमुने आणले. टोलेडो शहरच्या विलिस कंपनीजवळ बार्नी रूस या अभियंत्यानें सुधारलेलें ६० अश्वशक्तीचें इंजिन होतें. तें सर्वांत जोरकस ठरलें. वजनाची मर्यादा एव्हांना वाढवून २१६० पौंड करण्यांत आली होती, तरी विलिसची गाडी तीहून जडच भरली. तेव्हां रूसनें ती सुटी करून एकेक भाग तोलून पाहिला. बोल्टांचीं लांब राहिलेलीं टोंकेंहि कापून टाकलीं, असें सांगतात. जुलै १९४१ मध्यें मोठें कंत्राट विलिसला मिळालें. पुढें तिच्याच आराखड्यांवरून फोर्डनेंहि गाड्या बनविल्या. युद्ध संपेपर्यंत दोघींच्या मिळून सुमारें ६,४०,००० जीप तयार झाल्या. ज्या बॅंटमनें पहिली गाडी दिली, तिच्या वांट्याला २,७०० च्या आसपास गाड्या आल्या. नंतर ती जीपमागें जोडावयाच्या लहान गाड्या बनवीत राहिली. इतिहासांत पहिल्या येणाऱ्याला पहिलें स्थान मिळतेंच असें नाहीं.

'जीप' हें नांव कोठून आलें, याविषयीं मात्र एकमत नाहीं. फोर्ड कंपनीच्या नमुन्यावरील 'जी' आणि 'पी' या दोन अक्षरांचा जलद उच्चार होऊन तें बनलें, असें कोणी म्हणतात. १९३६ पासून पॉपायच्या चित्रकथेंत 'जीप' नांवाचा एक चमत्कारिक प्राणी येत असे. तो वाटेल तेथें जाऊं शके, म्हणून सैनिकांनीं गाडीला त्याचें नांव दिलें, असें दुसरे म्हणतात. असो.

या गाडीचा पुढील काळीं घराशीं जो संबंध जडला, त्याचें बीज तिच्या उत्पादनाच्या पद्धतींत होतें. विलिसच्या गाडीचा भाग फोर्डच्या गाडीला बसला पाहिजे, अशी सैन्याची अट होती. फोर्डनें आपली ओळख राखण्यासाठीं भागांवर, पुष्कळदां बोल्टांच्या डोक्यांवरहि, 'एफ' अक्षर उठविलें. परंतु मापांत फरक नव्हता. त्यामुळें दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप करतां येई. दुसरी गोष्ट अशी कीं, युद्धभूमीवर प्रत्येक गाडीमागें कुशल मिस्त्री असणें शक्य नव्हतें. म्हणून सैन्यानें दुरुस्तीच्या पांच पायऱ्या ठरविल्या आणि पहिली पायरी खुद्द चालकाच्या माथीं मारली. गाडी निघण्यापूर्वीं काय पाहावयाचें, चालतांना कशाकडे कान द्यावयाचा, विश्रांतीच्या वेळीं कोठें हात लावून उष्णता अजमावयाची आणि परतल्यावर काय तपासावयाचें, याची यादी छापील असे. फेब्रुवारी १९४४ मध्यें निघालेल्या जीपच्या अधिकृत पुस्तिकेंत अशी सर्व माहिती सचित्र दिलेली आहे. तेवढ्यानेंहि भागेना, तेव्हां 'आर्मी मोटर्स' या सैन्याच्या मासिकांत विल आइस्नर या चित्रकारानें 'जो डोप' नांवाचा एक गबाळा शिपाई उभा केला. हा जो तेल घालावयास विसरे, पाने हरवी, आणि मग त्याची जी फजिती होई ती पाहून इतर शिपाई हसत हसत शहाणे होत. कालपर्यंत शेतांत किंवा दुकानांत काम करणारे लक्षावधि तरुण अशा रीतीनें यंत्राची जोपासना शिकले. युद्ध संपल्यावर ही विद्या घेऊनच ते आपापल्या घरीं गेले.

गाडींत फेरबदल करण्याची परंपराहि रणांगणावरच सुरू झाली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत डेव्हिड स्टर्लिंगच्या ब्रिटिश छापा-पथकानें १९४२ सालीं आपल्या जीपच्या समोरील जाळीच्या पट्ट्या कापून काढल्या, कारण इंजिनाला वारा जितका मिळेल तितका थोडाच होता. पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट. रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. त्यावर राल्फ बॅग्नोल्ड या वाळवंट-प्रवाशानें पूर्वींच एक सोपी युक्ति शोधून ठेवली होती. रेडिएटरची वाफ बाहेर सोडणारी नळी बाजूला बांधलेल्या अर्ध्या भरलेल्या डब्यांतील पाण्यांत बुडवून ठेवावयाची. वाफ त्या पाण्यांत शिरून थिजे. आणि इंजिन निवूं लागलें कीं आंत पोकळी निर्माण होऊन तेंच पाणी आपोआप परत रेडिएटरमध्यें ओढलें जाई. एक डबा आणि एक नळी, एवढ्या सामग्रीवर माणसें शेंकडों मैल वाळू तुडवीत गेलीं. पूर्वेकडे ब्रह्मदेशांत १९४४ सालीं रस्तेच उरले नव्हते, पण आगगाडीचे रूळ होते. तेथें जीपचीं रबरी चाकें काढून रुळांवरचीं लोखंडी चाकें बसविण्यांत आलीं आणि ती चिमुकली गाडी इंजिन होऊन मालाचे डबे ओढूं लागली.

युद्ध संपलें आणि जगभर या गाड्या बेवारशी होऊन पडल्या. पेटींत बंद केलेली कोरी जीप पन्नास डॉलरला मिळते, अशी एक आवई अमेरिकेंत उठली व ती कित्येक दशकें टिकली. प्रत्यक्षांत त्या जाहिराती गाडी विकीत नसत, ती कशी मिळवावी हें सांगणारी चोपडी विकीत! परंतु खरोखरीच्या जीप कमी नव्हत्या. आणि जेथें जेथें त्या पोंचल्या, तेथें तेथें माणसांनीं आपल्या गरजेप्रमाणें त्यांना नवें रूप दिलें. त्यांतील चार ठिकाणच्या कथा सांगण्याजोग्या आहेत.

पहिली कथा फिलिपिन्सची. युद्धानें मनिला शहर उद्ध्वस्त झालें होतें. ट्रॅम नव्हती, बस नव्हती. अमेरिकन सैन्य मागें सोडून गेलेल्या जीप लोकांनीं घेतल्या, त्यांच्या मागचा भाग लांबविला, दोन्ही बाजूंना समोरासमोर बांक बसविले, उन्हापासून रक्षण करणारें छप्पर घातलें आणि मग गडद रंगांनीं, आरशांनीं, देवादिकांच्या नांवांनीं ती गाडी नवरीसारखी नटविली. हीच प्रसिद्ध 'जीपनी'. लेओनार्दो साराओ नांवाच्या टांगेवाल्यानें १९५३ सालीं अवघ्या ७०० पेसोंच्या भांडवलावर दुरुस्तीचें दुकान काढलें. तेंच पुढें जीपनी बनविणाऱ्या मोठ्या कारखान्यांपैकीं एक झालें.

दुसरी कथा वेल्सजवळील अँगलसी बेटावरची. रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स याची तेथें शेतवाडी होती. वाडीच्या कामाला त्यानें युद्धांतून उरलेली एक जीप घेतली होती. ती जुनी होत चालली, सुटे भाग मिळणें कठीण होऊं लागलें. आणि तिच्या जागीं दुसरी कोणती गाडी घ्यावी, तर तशी गाडी इंग्लंडांत कोणी बनवीतच नव्हतें. मॉरिस आणि त्याचा भाऊ स्पेन्सर यांनीं १९४७ सालीं जीपचाच सांगाडा आधाराला घेऊन पहिला नमुना तयार केला. पोलादाची टंचाई असल्यामुळें पत्रे अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूचे वापरले. त्यामुळें त्यांना गंजाची भीति उरली नाहीं. ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती 'लँड रोव्हर' या नांवानें जगापुढें आली. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ८० इंच होतें. जीपचेंहि तेवढेंच होतें. घरच्या एका जुन्या गाडीची निगा राखण्याच्या अडचणींतून एका नव्या गाडीचा वंश निर्माण झाला. त्या मूळ घडणीची शेवटची गाडी सॉलिहल येथील कारखान्यांतून २०१६ च्या जानेवारींत बाहेर पडली.

तिसरी कथा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. जीपच्या पुढच्या चाकांची गति तोडली तरी त्या चाकांबरोबर आंतील आंस आणि दांत्यांचीं चक्रें फुकट फिरत राहतात. त्यानें भाग झिजतात आणि पेट्रोलहि जास्त लागतें. युद्धांत याची फिकीर कोणी केली नाहीं. पण घरगृहस्थीच्या माणसाला पैचा हिशेब असतो. सिॲटलच्या आर्थर वॉर्ननें १९४८ सालीं चाकाच्या मध्यभागीं बसवितां येईल असा लहानसा अडसर काढला. तो हातानें एका बाजूला फिरविला कीं चाक आंसापासून मोकळें होतें; दुसऱ्या बाजूला फिरविला कीं पुन्हां जोडलें जातें. या एका सोईनें हजारों रणगाड्या रोजच्या रस्त्यावर चालण्याजोग्या झाल्या.

चौथी कथा मुंबईची. १९४५ सालीं महिंद्र बंधु आणि गुलाम महंमद यांनीं पोलादाच्या व्यापाराची पेढी स्थापन केली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं पेढीचें नांव 'महिंद्र आणि महिंद्र' असें झालें. याच पेढीनें विलिसच्या परवान्यानें, आलेल्या सुट्या भागांतून जीप जुळविण्याचें काम मुंबईंत आरंभिलें. हळूहळू भागहि येथेंच होऊं लागले. उंच बॉनेटची जी जात अमेरिकेंत १९५३ सालीं निघाली, ती तेथें बंद पडल्यावरहि येथें कित्येक दशकें चालू राहिली. सरकारी दौरे, धरणांचीं कामें, जंगलखातें, निवडणुकांचे प्रचार, लग्नाचीं वऱ्हाडें, सारें महाराष्ट्रानें जीपमधून केलें. नऊ माणसांच्या गाडींत अठरा माणसें बसविण्याची विद्याहि येथील रस्त्यांनींच पूर्णत्वाला नेली.

आतां अशी एखादी जुनी गाडी घरीं बाळगावयाची म्हणजे काय करावें लागतें, हें पाहिलें पाहिजे. पहिली गोष्ट समजुतीची. वळण घेतांना पुढचीं चाकें मागच्या चाकांपेक्षां मोठें वर्तुळ काटतात. जुन्या जीपमध्यें चारहि चाकांची गति जोडली म्हणजे पुढचा व मागचा आंस एकमेकांशीं घट्ट बांधले जातात. तो फरक सामावून घेणारी सोय मध्यें नसते. चिखलांत चाक थोडें घसरतें आणि हिशेब मिटतो. डांबरी कोरड्या रस्त्यावर घसरावयास जागाच नसते. मग तो ताण आंस, दांते आणि टायर यांच्यावर जातो. म्हणून पक्क्या रस्त्यावर पुढची गति तोडून ठेवावी, हा या गाडीचा पहिला धडा होय. पुष्कळ गाड्या डोंगरांत मोडत नाहींत. मालकाच्या या एका अज्ञानामुळें सडकेवर मोडतात.

दुसरी गोष्ट हाताची. युद्धकालीन जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या चाक्या उलट्या आट्यांच्या असत. डाव्या हाताचें चाक काढतांना नेहमींच्या संवयीनें जोर लावणारा माणूस ती चाकी सोडवीत नसे, उलट आवळीत असे. आणि शेवटीं बोल्टच तुटून हातांत येई. तिच्यावर 'एल' अक्षर कोरलेलें असे. परंतु तें वाचण्याइतका धीर किती जणांना असतो? जुन्या यंत्राशीं वागतांना जोराआधीं डोळ्यांचा उपयोग करावा, हें ती लहानशी चाकी शिकविते.

तिसरी गोष्ट पाण्याची. ओढ्यांतून गाडी घातली म्हणजे तापलेला आंस एकदम थंड होतो, आंतली हवा आकसते आणि झिजलेल्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें. मग आंतलें तेल दुधाळ दिसूं लागतें. तें तेल तसेंच ठेवलें तर दांते गंजतात. तें त्वरित बदलावें लागतें. ओढ्याबाहेर येतांच थोडें अंतर ब्रेक हलकेच दाबीत जावें, म्हणजे ड्रममधील ओलावा उडून जातो. त्या काळच्या जीपला ब्रेकच्या तेलाचा मार्ग चारहि चाकांना मिळून एकच असे; एके ठिकाणीं गळती लागली कीं चारहि ब्रेक एकदम जात. ब्रेकची नळी ही वर्षांतून एकदां पाहण्याची वस्तु नव्हे, ती प्रत्येक मोठ्या प्रवासापूर्वीं पाहावी. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून उडविणें फुप्फुसांस घातक आहे, ती ओल्या फडक्यानेंच टिपावी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, कितीहि घाईचें काम असलें तरी, शिरूं नये. खालीं भक्कम ठोकळे किंवा घोड्या लावाव्या. या नियमाला अपवाद करणाऱ्यांस दुसरी संधि नेहमींच मिळत नाहीं.

धूळ हा चौथा शत्रु. जुन्या जीपमध्यें इंजिनाकडे जाणारी हवा तेलाच्या भांड्यावरून वळविलेली असे. जड धूळ तेलांत अडके आणि स्वच्छ हवा पुढें जाई. कागदी गाळणी बदलावयास पैसे पडतात. हें भांडें घरीं धुऊन पुन्हां तेल भरलें कीं काम भागतें. मात्र तें धुवावें लागतें. पुढचीं चाकें एकाएकीं थरथरूं लागलीं तर सुकाणूंतील सांधे, वळण्याच्या खुंट्यांच्या बेअरिंगा आणि पाट्यांचीं झिजलेलीं बुशें एकामागून एक तपासावीं. एकच भाग बदलून रोग बरा झाला, असें समजूं नये. या सर्व कामांसाठीं एक वही राखणें हितावह असतें. तेल कोणत्या दिवशीं बदललें, किती मैल झाले, कोणता भाग कोठून आणला, काय चुकलें, हें त्यांत लिहावें. जुन्या गाडीची वैद्यकी स्मरणावर चालत नाहीं.

निगा राखण्याच्या पुढची पायरी फेरबदलाची. आणि खरा वाद येथेंच आहे. युद्धकालीन सहा व्होल्टची वीज बदलून बारा व्होल्ट करणें, पेट्रोल इंजिनाच्या जागीं डिझेल बसविणें, पाटे वाढवून गाडी उंच करणें, रुंद टायर घालणें, हे सगळे प्रकार घरोघर झाले. त्यांतील कांहीं शहाणपणाचे असतात, कांहीं नुसते हौसेचे. गाडी उंच केली कीं ती दगडावर अडत नाहीं हें खरें; परंतु तिचा गुरुत्वमध्यहि वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. लहान रुंदीच्या या गाडींत तो धोका मुळांतच असतो. जड इंजिन बसविलें तर पुढचे पाटे आणि ब्रेक तेच ठेवून भागत नाहीं. एक भाग बदलणें म्हणजे त्याच्या शेजारच्या सर्व भागांना नवा प्रश्न घालणें होय.

कायद्यानेंहि या प्रश्नांत हात घातला आहे. भारताच्या १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांतील ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाशीं जुळणार नाहीं असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा अर्थ स्पष्ट शब्दांत सांगितला. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं वारसा-नोंदणीचे नियम केले; तो मानहि मूळ रूपांत राखलेल्या, मोठा फेरबदल न झालेल्या गाडीलाच मिळतो. तिकडे फिलिपिन्समध्यें सरकारनें २०१७ सालीं जुन्या जीपनींच्या जागीं नवीं वाहनें आणण्याची योजना काढली. धूर आणि सुरक्षितता हीं कारणें खोटीं नव्हतीं, परंतु नव्या वाहनाची किंमत झेपणार कशी, असें विचारीत चालकांनीं संप केले.

येथें एक विचित्र पेंच पडतो. जीपचा सबंध इतिहास हा फेरबदलांचा इतिहास आहे. जाळी कापणारा शिपाई, छप्पर घालणारा मनिलाचा टांगेवाला, अडसर शोधणारा वॉर्न, यांपैकीं कोणीहि गाडी मूळ रूपांत ठेवली नाहीं. आणि आज तिचा सन्मान होतो तो मूळ रूप राखलें असेल तरच. वडिलांनीं पोटासाठीं डिझेल इंजिन बसविलेली जीप वारसा ठरत नाहीं. खोलींत झांकून ठेवलेली ठरते. न्याय कोणत्या बाजूला आहे? रस्ता सर्वांचा आहे. तेथें एकाच्या हौसेची किंमत दुसऱ्यानें प्राणांनीं देऊं नये, म्हणून कायद्याचा लगाम आवश्यकच आहे. परंतु दुरुस्ती आणि उच्छृंखलपणा यांत भेद आहे. ज्या मालकानें आपल्या गाडीचा प्रत्येक सांधा स्वतःच्या हातानें उघडून पाहिला आहे, त्यालाच कोठें थांबावें हें कळतें. कारण ब्रेक कशाच्या बळावर लागतो, हें त्यानें पाहिलेलें असतें. बेफाम बदल बहुधा तेच करवितात, ज्यांनीं गाडीखालीं कधीं डोकावलेलें नसतें. म्हणून हें ज्ञान घरांतून नाहींसें होणें कायद्याच्याहि हिताचें नाहीं.

नव्या काळच्या मोटारी जुन्या जीपहून सुरक्षित आहेत, धूर कमी ओकतात, अडतातहि कमी. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र त्यांच्या बॉनेटखालीं पुष्कळ कांहीं बंद पेट्यांत असतें. तें उघडण्याचीं साधनें घरीं नसतात आणि उघडूं नये अशीच पुष्कळदां योजना असते. जुन्या जीपचें महत्त्व तिच्या शौर्यकथांत नाहीं, तिच्या उघडेपणांत आहे. सामान्य बुद्धीच्या, मेहनती माणसाला कळेल अशी ती मुद्दाम घडविलेली होती. आणि ज्याला ती कळली त्याच्याजवळ ती राहिली.

अशा घरांतून कधीं कधीं ती दुरुस्तीची वही अजून पाहावयास मिळते. पहिल्या पानांवर मैल आणि गॅलन यांचे हिशेब असतात, पुढें किलोमीटर आणि लिटर येतात. मध्येंच अक्षर बदलतें. वडिलांचें थांबतें, मुलाचें सुरू होतें. नोंदी मात्र त्याच असतात : तेल बदललें, ब्रेक पाहिले, उजव्या बाजूचा पाटा कुरकुरतो, पुढच्या वेळीं लक्ष द्यावें.